मांजर कुणाच्या नावावर?

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते तेव्हा तिच्यावरचा भोंगा आधी कानडीत ओरडतो, मग मराठीत. मराठीची पाळी येईपर्यंत गाडी चार घरं पुढं गेलेली असते. त्यामुळं आम्हा मराठी घरांना कुठलीही सूचना अर्धीच कळते. त्या सकाळी मी दारात झाडू घेऊन उभी होते, तेव्हाही मला एवढंच ऐकू आलं, की मांजरांचं ऑपरेशन आणि नोंदणी सक्तीची आहे, नागरिकांनी सहकार्य करावं. माणसांची नोंदणी होता होता नाकी नऊ येतात, तिथं आता मांजरांची, असं पुटपुटत मी राहिलेलं अंगण झाडून काढलं.

उरलेली अर्धी सूचना शेजारच्या आक्कांनी कुंपणावरून पुरवली. त्यांचं माहेर धारवाडकडचं, त्यामुळं त्यांना दोन्ही अर्धी कळतात. गल्लीत मोकळं फिरणारं प्रत्येक मांजर धरायचं, पुढं पिल्लं होऊ नयेत म्हणून त्याचं ऑपरेशन करायचं, आणि मग ते कुणाच्या तरी एका घराच्या नावावर नोंदवायचं. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर नंबर. ज्याला कुणीच आपलं म्हणणार नाही, ते मांजर गावाबाहेरच्या निवाऱ्यात जाणार. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हे उंदरांना काही ठरवता आलं नव्हतं. ते काम आता आमच्यावर आलं होतं.

"आमच्या घरात तीन हाईत," आक्का म्हणाल्या. "चौथं घेतलं तर आमचे हे मलाच निवाऱ्यात धाडतील. त्या पिवळ्या मांजरीचं तुमचं तुम्ही बघा."

"ती आमची नाही," मी म्हटलं.

"मग आप्पांची म्हणा," आक्का म्हणाल्या आणि हसत आत गेल्या.

आप्पा म्हणजे माझे वडील. जांबोटीच्या पलीकडं, डोंगरातल्या एका गावात त्यांचा सगळा जन्म गेला. भात, गुरं आणि पाऊस, यांपलीकडं त्यांनी कशात लक्ष घातलं नाही. आई गेल्यावरही ते तिथं एकटेच राहिले. मग एका पावसाळ्यात गोठ्यासमोरच्या शेवाळावरून घसरून पाय मोडला, आणि चुलतभाऊ गुरं बघायला येईपर्यंत ते तिथंच चिखलात पडून होते. मी एकुलती एक. त्यांना बेळगावला घेऊन आले. "पाय बरा होईस्तवर," असं ठरलं होतं. पाय केव्हाच बरा झाला, पण मी जाऊ देत नव्हते आणि ते राहत नव्हते. म्हणजे असायचे घरातच, पण पाहुण्यासारखे.

आमच्याकडं जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आप्पांनी तेवढं सोडलं होतं, पण त्याच्या पुढचं काही सोडायला ते तयार नव्हते. पंखा लावायचा तर विचारून. फ्रिजला त्यांचा हात कधी लागला नाही. जेवल्यावर ताट स्वतः धुऊन पालथं घालायचे. माझ्या नवऱ्याला, त्याच्याच घरात, ते 'पाव्हणं' म्हणत, आणि तो बिचारा निपाणीच्या बँकेतून बसनं थकून आलेला असला तरी पाहुण्यासारखा ताठ बसायचा. जेवायला काय करू विचारलं तर उत्तर एकच, "काय बी कर." मी हायस्कूलात गणित शिकवते. चुकलेलं उत्तर मला चालतं, पण 'काय बी' हे उत्तर ऐकलं की डोकं फिरतं. मग मी भांडी जोरात आपटते.

मांजर आली तीही पाहुणीच. पिवळी, पांढऱ्या पायांची, एका बाजूची मिशी तुटलेली. आप्पांच्या खोलीच्या खिडकीत ती पहिल्यांदा बसली त्या दिवशी त्यांनी तिला हाकललं नाही, एवढंच मी पाहिलं. मग ताटातला दूधभात थोडा थोडा उरायला लागला. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की जगाला दिसत नाही. आमच्याकडं मांजर डोळे उघडे ठेवून प्यायची आणि मिटायचे ते आप्पा. मी खोलीत गेले की ते भिंतीकडं बघत बसायचे, जणू त्या बशीशी त्यांचा काही संबंध नाही.

मला घरात जनावर नको होतं. केस, घाण, दुधाच्या पातेल्यावर ठेवायचा वरवंटा, सगळं मला नको होतं. पण एकदा शाळेतून लवकर आले, तर आप्पांच्या खोलीतून हाक ऐकू आली, "ऐकलंस का?" मी दचकलेच. आप्पांनी आईला उभ्या आयुष्यात नावानं हाक मारली नव्हती. ते तिला अशीच हाक मारत, आणि चुलीपुढून ती 'काय?' म्हणायची. मी दाराआडून पाहिलं. मांजर खिडकीतून उतरून त्यांच्याकडं निघाली होती. त्या दिवसानंतर मी मांजरीला नको म्हणत राहिले, पण तोंडानंच.

नोंदणीची बातमी मी रात्रीच्या जेवणाला सांगितली. आप्पा भाकरी मोडत होते ते थांबले.

"सात घरं फिरणारं जनावर ते," ते म्हणाले. "एका घराच्या नावावर कसं घालायचं?"

"आपल्याच नावावर घालू की," नवरा म्हणाला. त्याला कुणालाही कशालाही नाही म्हणता येत नाही. माझ्याशी लग्नही त्यामुळंच झालं असावं.

मी आप्पांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुमचं घर. तुमी ठरवा."

झालं. 'तुमचं घर' हा शब्द माझ्या अंगात सुईसारखा शिरतो. मी म्हटलं, "मग माझं ठरलं. मांजर नको." एक वाक्य त्यांनी बोलावं, नुसतं 'असू दे गं' म्हणावं, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांनी ताट उचललं आणि धुवायला नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाकडं चुलतभावाला फोन लावला. ते फोनवर बोलतात तेव्हा फोन नसता तरी गावाला ऐकू गेलं असतं. घराची कौलं परतून घ्या, म्हणत होते. संक्रांतीच्या आत येतो. यापूर्वीही 'जातो, जातो' चालायचं. पाऊस सरला की, थंडी सरली की. पण कौलं परतायला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या गावाला दिवसातून कुठं एखादी बस, ती पकडायला चालत जायचं, आणि गोठ्यापुढचं ते शेवाळ. ते तिथं परत पडले तर या वेळी कोण बघणार होतं? या शहरात त्यांना सकाळी अंथरुणातून उठायला एकच कारण होतं, आणि ते मी स्वतःच्या तोंडानं नको म्हणून टाकलं होतं. तरी मी शब्द फिरवला नाही. मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं. आमच्या दोघांचाही ताठा एकाच घराण्यातला आहे.

रविवारी सकाळी नोंदणीवाली बाई आली. हातात मोबाईल, पाठीमागं पिंजरा घेतलेला एक माणूस. ती मराठी बोलायची पण मध्येच कानडीत घसरायची, जशी इथं सगळीच माणसं घसरतात. पिवळी मांजर कट्ट्यावर उन्हात पडली होती आणि तिच्यापासून हातभर अंतर ठेवून आप्पा बसले होते, दोघांची ओळख नसल्यासारखे.

"हे कुणाचं, मॅडम?" बाईनं मला विचारलं.

मी उत्तर जुळवत होते. आमची नाही, पण नेऊही नका, असं काहीतरी. पण तोवर ती आप्पांकडं वळलीसुद्धा. त्यांच्या पागोट्याकडं बघून तिला ते कानडी मुलखातले वाटले असणार. मांजरीकडं बोट करून तिनं विचारलं, "अज्जा, बेको, ब्याडो?" पाहिजे, का नको?

आप्पांनी मांजरीकडं हात केला आणि म्हणाले, "बेक्कु, बेक्कु."

मला हसू आलं. कानडीत बेक्कु म्हणजे मांजर, आणि बेकु म्हणजे पाहिजे. आप्पांना कानडी येत नाही. बाई विचारतेय हे काय आहे, असं समजून त्यांनी आपल्याला येणारा एक शब्द मोठ्या उत्साहानं वापरला होता. म्हाताऱ्याला विचारलं पाहिजे का, तर तो सांगतोय मांजर आहे म्हणून! बाईनं मात्र 'बेकु, बेकु' असंच ऐकलं, मान हलवली, आणि मोबाईलमध्ये भरायला लागली. मालक, आजोबा. मांजराचं नाव?

आप्पा मांजरीकडं बघायला लागले. 'ऐकलंस का' हे काही नाव म्हणून सांगता येत नव्हतं.

"मनी," मी म्हटलं.

चूक दुरुस्त करायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी रोज मुलांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं काढते. ही काढली नाही. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, तशी मी त्या खोट्या नोंदीला साक्ष राहिले आणि मोबाईलवर बोटानं सहीही केली. मनातून मला इतकं हलकं वाटलं, की सोमवारी स्टाफरूममध्ये मी तो किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. कानडी शिकवणाऱ्या बाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. भाजीच्या झाकणवाल्या टोपलीत मनी, टोपलीवर आप्पांचे दोन्ही हात, आणि रिक्षात आम्ही. दवाखान्याच्या बाकावर प्रत्येकाच्या मांडीवर काही ना काही म्याव म्याव करत होतं. आप्पांनी आयुष्यात कितीतरी बैल खच्ची करून घेतले होते. त्यांना यात नवल वाटू नये. पण ते बेचैन होते.

"बैलाचं निराळं," ते हळूच म्हणाले. "हिची कूस काढायची, आणि हिला कुणी इचारलं न्हाय."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईतही होत्या, तरी आप्पांनी त्यांना थांबवलं. "डाक्टर, हिला आदी कदी पिल्लं झाल्यात का, बघा की जरा." डॉक्टरीणबाईंनी मनीच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झालीत आजोबा, एकदा नाही, बऱ्याच वेळा. थकलीय ती आता. उलट आराम मिळेल." आप्पांनी श्वास सोडला. "मग हुं दे," म्हणाले. तिला आत नेईपर्यंत ते टोपलीच्या जाळीतून एक बोट घालून बसले होते, आणि मी त्यांच्या शेजारी बसून माझ्या आईचा विचार करत होते. आईला माझ्यानंतर मूल झालं नाही, आणि गाव तिला त्यावरून जे बोललं ते आप्पांनी कधी घरात येऊ दिलं नाही.

संध्याकाळी मनी घरी आली ती गुंगीत, पोटाला पट्टी, डाव्या कानाचं टोक कापलेलं. ऑपरेशन झालेलं मांजर लांबून ओळखू यावं म्हणून कान असा कापतात. आप्पांनी त्या कानाकडं बघून डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग त्यांनी स्वतःचं एक जुनं मऊ धोतर फाडून खोलीत अंथरलं, आणि पुढचे काही दिवस त्या धोतराशेजारी मुक्काम ठोकला. ती टाके चाटायला लागली की "ऐकलंस का" म्हणून दटावायचे. ती ऐकायची. माझी आई ऐकायची नाही.

अशाच एका दुपारी मी स्वयंपाकघरात वह्या तपासत बसले होते. आप्पा आत आले, माझ्याकडं न बघता सरळ फ्रिजकडं गेले, दार उघडलं, दुधाचं पातेलं काढलं, वाटीत ओतलं, आणि दार लावून गेले. विचारलं नाही. दार नीट लागलंही नव्हतं. मी उठून ते लावलं आणि तिथंच फ्रिजला टेकून जरा वेळ उभी राहिले.

तरी संक्रांतीचं भय होतंच. कौलं परतून झाल्याचा निरोप आला होता. आप्पा त्यावर काही बोलत नव्हते आणि विचारायची माझी छाती होत नव्हती.

संक्रांतीच्या आधी नोंदणीवाली बाई पट्टा घेऊन पुन्हा आली. टाके निघाले होते, मनी कट्ट्यावर होती, आता आप्पांच्या मांडीवरच. बाईनं पट्टा दिला आणि मोबाईलमध्ये बघत म्हणाली, "एक राहिलं. मालक इथं कायम राहणारा पाहिजे. अज्जा तुमच्याकडं पाहुणे आहेत, का इथलेच?"

मी आप्पांकडं पाहिलं. ते पट्ट्याच्या बकलाशी झटत होते. मला राहवेना. त्यांनी 'पाव्हणा' म्हणून टाकलं तर ते कानांनी ऐकावं लागेल, म्हणून मीच घाईघाईनं बोलायला लागले. "अहो, खरं सांगायचं तर त्या दिवशी घोटाळाच झाला. आमच्या आप्पांना कानडी येत नाही. तुम्ही विचारलंत बेको ब्याडो, आणि ते म्हणाले बेक्कु. मांजर म्हणाले ते! तुम्हाला वाटलं बेकु. पाहिजे तर नोंद माझ्या नावावर करा, म्हणजे कुणी कुठं गेलं तरी..."

"कोण म्हणतंय मला कानडी येत न्हाय?" आप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडं वळले.

"निम्मा जल्म नंदगडच्या बाजारात बैलं घेण्यात गेला माझा. बैलहोंगलचं व्यापारी मराठी बोलायचं व्हय? बेको ब्याडो, बेको ब्याडो, दिवसभर त्येच." त्यांनी बकल लावलं आणि मनीच्या गळ्याभोवती बोट फिरवून पट्टा सैल आहे ना ते बघितलं. "मी बेकुच म्हटलं. दोनदा म्हटलं. तुलाच ऐकू आलं न्हाय."

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. "मी त्या दिवशी जेवताना तोंडावर विचारलं होतं तुम्हाला! मराठीत!"

"मराठीत म्हंजे तुझ्याकडं मागायचं," आप्पा म्हणाले. "लेकीच्या घरी मागायला जीब वळत न्हाय गं. त्या बाईनं कानडीत इचारलं. परकी बाई, परकी भाषा. निघून गेलं तोंडातनं."

बाई एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं खाली वाकून, हळू आवाजात, पुन्हा विचारलं, "अज्जा, पाहुणे लिहू, का इथलेच?"

आप्पांचा मनीच्या पाठीवरचा हात थांबला.

"इथलंच लिव्हा," ते मराठीत म्हणाले.

बाई गेली. मी उंबऱ्यावर बसून राहिले. रडू येत होतं आणि चीडही आली होती, एवढे दिवस एक शब्द या माणसानं पोटात ठेवला म्हणून. मग मी रोजचंच विचारलं, "न्याहारीला पोहे करू?"

"नको," आप्पा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुझं पोहं मला पयल्यापासनंच गिळवत न्हाईत," ते म्हणाले. "कोरडं असत्यात. तांदळाची पेज कर. आणि मीठ जरा बेतानं घाल, तुझा हात लई सैल हाय."

इतकी वर्षं माझे पोहे गल्लीत नावाजलेले आहेत. मी आत गेले आणि तांदूळ निवडायला घेतले.